वेदीवरचा पेला : चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा

गणेश चतुर्थीला पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील घराघरांत मूर्तीच्या डोक्यावर माटोळी बांधली जाते. लाकडी चौकटीला नारळाची पेंड, पोफळीचा घड, तोरंजन, चिबूड, कवंडळ, आंब्याचे टाळे आणि रानातून हुडकून आणलेली कितीतरी फळे टांगतात. माटोळी बांधणाऱ्याला आपण चित्रकार म्हणत नाही. तथापि कोणते फळ कोणत्या फळाशेजारी शोभेल, हिरव्यात पिवळे कोठे उठून दिसेल, जड घड कोठे बांधला म्हणजे तोल राहील, याचा विचार तो करीतच असतो. पावसाळ्याच्या अखेरीस आपली भूमी काय देते याचे ते एक टांगलेले चित्रच होय. त्या फळांना कोणी निर्जीव वस्तू मानीत नाही. ती देवासाठी आलेली असतात.

चित्रकलेत ज्या प्रकाराला वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र म्हणतात त्याचा विचार करताना ही माटोळी डोळ्यांसमोर असलेली बरी. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांना बसलेल्या विद्यार्थ्यांना स्थिरचित्राची ओळख असते. एक तांब्या, एक कपबशी, दोन वांगी आणि मागे चुणीदार कापड मांडलेले, आणि विद्यार्थी पेन्सिल हातभर लांब धरून उंची मोजीत असलेले! त्यामुळे वस्तुचित्र म्हणजे हात बसावा म्हणून करायचा धडा, अशी आपली समजूत होऊन बसते. पोर्तुगीज भाषेने तर या प्रकाराला मृत निसर्ग अशा अर्थाचे नाव दिले आहे. परंतु सतराव्या शतकातील हॉलंडच्या चित्रकारांनी फळांच्या ताटाशेजारी कवटी किंवा विझत आलेली मेणबत्ती ठेवून माणसाच्या क्षणभंगुर आयुष्याची आठवण याच प्रकारातून करून दिली. वस्तू बोलत नसते. पण ती कोणाच्या हातातून आली, कोणत्या कोनाड्यात राहिली आणि तिच्यापुढे कोणी गुडघे टेकले, हे तिच्या अंगावर उमटलेले असते.

वस्तूंची ही भाषा ज्याने लहानपणी गोव्यात शिकून घेतली आणि लंडनच्या रसिकांना ऐकवली, असा एक चित्रकार म्हणजे फ्रान्सिस न्यूटन सूझा. त्यांची नग्नचित्रे, विद्रूप मुखे आणि यातनामय ख्रिस्त यांविषयी भरपूर लिहिले गेले आहे. त्यांच्या वस्तुचित्रांकडे मात्र सामान्य वाचकाचे लक्ष त्या मानाने कमी जाते. आमच्या मते त्यांच्या आयुष्याची किल्ली याच चित्रांत आहे. म्हणून त्या अंगाने हे चरित्र सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

सूझांचा जन्म १२ एप्रिल १९२४ रोजी बारदेश तालुक्यातील साळगाव येथे झाला. वडील शिक्षक होते. मूल जेमतेम तीन महिन्यांचे झाले असेल नसेल, तोच ते वारले. पुढे वर्षभरात थोरली बहीणही गेली. घरात उरली ती तरुण विधवा आई आणि तान्हे मूल. त्या मुलाचे नाव न्यूटन. पोटासाठी आईने मुंबई गाठली आणि शिवणकाम, भरतकाम करून ती संसार रेटू लागली. गोव्यातून मुंबईला गेलेल्या हजारो कुटुंबांची हीच कहाणी होती.

मुंबईत न्यूटनला देवी आल्या. आमच्या हिंदू घरांत या रोगाचे नावच देवी. रोग उतरावा म्हणून तिलाच नवस बोलत आणि तिलाच शांत करीत. न्यूटनच्या आईने आपला नवस गोंयच्या सायबाला, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरला बोलला. मूल वाचले तर ते चर्चला वाहीन, त्याला पाद्री करीन, असा तो नवस होता. मूल वाचले. अंगावर व्रण राहिले आणि नावामागे संताचे नाव आले. न्यूटनचा फ्रान्सिस न्यूटन झाला. प्रकृती सुधारावी म्हणून त्याला गोव्यात आजीकडे धाडण्यात आले.

साळगावचे चर्च १८७३ सालचे. गोव्यातील बहुतेक जुन्या चर्चांहून वेगळे, उंच टोकदार शिखरांचे, पांढरेशुभ्र. आजीचा हात धरून प्रार्थनेला जाणाऱ्या त्या मुलाला लॅटिन मंत्रांचा अर्थ काय कळणार! पण डोळे उघडे होते. पाद्रीच्या अंगावरचा जरीचा झगा, धुपाटण्यातून उठणारा धूर, मेणबत्त्यांच्या उजेडात चमकणारा पेला, पाणी आणि द्राक्षासव ठेवण्याच्या छोट्या कुप्या, आणि वर क्रुसावर खिळे ठोकलेला, काट्यांचा मुकुट घातलेला ख्रिस्त. धर्माच्या तत्त्वज्ञानापेक्षा चर्चच्या वास्तूने आणि विधींच्या थाटाने आपल्याला भारून टाकले, असे सूझांनी पुढे आत्मकथनात नमूद केले आहे. आपण पाद्री होणार आहोत, उद्या तो पेला आपल्याच हातात येणार आहे, हे त्या मुलाला घरातून कळलेले होते. त्यामुळे इतर मुले त्या भांड्यांकडे भक्तीने पाहत असतील, तर हा मुलगा आपल्या ठरलेल्या भवितव्याकडे पाहत असावा.

येथे थोडे भूगोलाकडे वळले पाहिजे. साळगाव ज्या बारदेशात आहे त्याच्या उत्तरेस शापोरा नदी आणि नदीपलीकडे पेडणे, पूर्वेस डिचोली. बारदेश ही पोर्तुगिजांची जुनी काबिजाद, सोळाव्या शतकापासूनची. डिचोली आणि पेडणे त्यांच्या ताब्यात गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. तोवर सक्तीच्या धर्मांतराचा जोर ओसरला होता. म्हणून नदीच्या एका काठावर चर्चची शिखरे दिसतात, तर दुसऱ्या काठावर देवळांच्या दीपमाळा. डिचोली तालुक्यातील नार्वे येथील सप्तकोटेश्वर हा तर मूळचा दिवाडी बेटावरचा देव. तेथील देऊळ मोडल्यावर तो नदी ओलांडून आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. या भागात देवच नव्हे तर देवाची भांडीही माणसाचा इतिहास सांगतात. डिचोलीची मातीची भांडी आणि पितळी समया गोवाभर प्रसिद्ध आहेत. तांब्या, पळी-पंचपात्र, निरांजन, समई या वस्तू आमच्या देवघरांत जे काम करतात तेच काम पेला, धुपाटणे आणि मेणबत्तीचे स्टँड पलीकडच्या काठावर करीत असतात.

आता अशी कल्पना करा की कोणी देवघरातील पळी-पंचपात्र उचलून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, चिरलेल्या बांगड्याशेजारी ठेवले. घरातील वडीलधारी माणसे काय म्हणतील? किंवा उलट कोणी ओट्यावरचा पाव आणि मासा उचलून देवापुढे समईच्या उजेडात मांडला, तर? पहिल्या कृत्याला आपण विटाळ म्हणू आणि दुसऱ्याला वेडेपणा. सूझांनी आपल्या वस्तुचित्रांतून नेमकी ही दोन्ही कृत्ये केली. त्यांच्या चित्रांतील खळबळ दूरवर असलेल्या डिचोलीच्या वाचकालाही समजू शकते ती याच कारणाने.

परंतु तेथवर पोचण्याची वाट वाकडीतिकडी होती. आईने मुलाला मुंबईच्या सेंट झेवियर्स हायस्कूलमध्ये घातले. शाळा जेझुइट पाद्रींची. नवस फेडण्याच्या दृष्टीने योग्यच. पण मुलाचा हात चित्रे काढण्यात रमलेला होता. १९३९ साली शौचालयाच्या भिंतीवर अश्लील चित्रे काढल्याच्या ठपक्यावरून त्याला शाळेतून काढून टाकण्यात आले. ती चित्रे मूळची दुसऱ्यांची होती, आपण ती फक्त दुरुस्त केली, अशी मखलाशी सूझा पुढे करीत असत. नवसाचा मुलगा त्या दिवशी पाद्रीपणाच्या वाटेवरून उतरला तो कायमचा.

१९४० मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी न्यूटनने सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. तेथील शिक्षणात इंग्रजी अकादमींची शिस्त होती. पुतळ्यांवरून रेखांकन, मांडलेल्या वस्तूंवरून छायाप्रकाशाचा अभ्यास, मग जिवंत मॉडेल अशी पायरीपायरीने विद्यार्थ्यांची चाल. बाहेर मात्र देश पेटलेला होता. १९४२ च्या चलेजाव चळवळीने विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर खेचले. सूझाही त्यात ओढले गेले. राजकीय चळवळीत भाग घेतल्याबद्दल १९४५ मध्ये त्यांना संस्थेतून काढण्यात आले. पदविका हाती न येताच शिक्षण संपले. एकवीस वर्षांच्या तरुणाच्या नावावर दोन हकालपट्ट्या जमा झाल्या होत्या!

त्या दिवशी ते संतापाने घरी गेले. रंगांच्या नळ्या पिळून त्यांनी ब्रशाऐवजी रंग कालवण्याच्या पात्याने चित्र रंगवले. निळ्या रंगातील नग्न स्त्री, तिच्यामागे मांडलेल्या वस्तू आणि निसर्गदृश्य असे ते चित्र. पुढे ‘ब्लू लेडी’ या नावाने ते ओळखले गेले आणि बडोदा संग्रहालयाचे जर्मन अभ्यासक हर्मन गोत्स यांनी ते संग्रहालयासाठी घेतले. शाळेने ज्या तीन गोष्टी वेगवेगळ्या तासांना शिकवल्या होत्या, मानवाकृती, वस्तुचित्र आणि निसर्गचित्र, त्या तिन्ही या बंडखोराने एकाच फळ्यावर एकत्र कोंबल्या. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण हीच मांडणी पुढे दहा वर्षांनी त्यांच्या सर्वांत गाजलेल्या चित्रात पुन्हा येणार होती.

याच सुमारास सूझा कम्युनिस्ट पक्षात गेले. त्या काळच्या त्यांच्या चित्रांत गोव्यातील कष्टकरी, शेतात राबणाऱ्या बायका, दरिद्री कुटुंबे दिसतात. पण कला कशी असावी हे पक्षाने सांगावे, हे त्यांना मानवले नाही. थोड्याच काळात तोही संबंध तुटला. १९४७ साली मारिया फिगेरेदो या गोमंतकीय तरुणीशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी देश स्वतंत्र झाला आणि सूझांच्या पुढाकाराने मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, के. एच. आरा, हरी अंबादास गाडे, सदानंद बाकरे आणि स्वतः सूझा असे सहा जण. कोणी मध्य प्रांतातून आलेला, कोणी सिनेमाचे फलक रंगवणारा, कोणी शिल्पकार. एकमेकांच्या चित्रांत साम्य शोधू गेल्यास मिळणार नाही. बंगालच्या हळव्या पुनरुज्जीवनाचा आणि साहेबाच्या अकादमीचा कंटाळा एवढेच काय ते समान.

यांपैकी आरा यांच्याशी सूझांची तुलना आपल्या विषयाच्या दृष्टीने उपयुक्त आहे. सिकंदराबादजवळच्या बोलारमचा हा मुलगा लहानपणीच घर सोडून मुंबईला आला, घरगडी म्हणून राहिला, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला आणि चित्रकार झाला. आरा यांनी आयुष्यभर वस्तुचित्रे काढली: फुलदाण्या, मडकी, फळे. ती पाहताना मनाला विसावा मिळतो. ज्याला घर नव्हते त्याने टेबलावर फुले मांडून घर केले, असे वाटते. सूझांच्या टेबलावर विसावा नाही. तेथे घर आहे, परंतु त्या घरात भांडण चालू आहे. एकाच ग्रुपमधील दोघा मित्रांनी एकच चित्रप्रकार हाताळावा आणि त्यातून दोन टोकांच्या वृत्ती प्रकट व्हाव्यात, यातच वस्तुचित्र हा निव्वळ सरावाचा धडा नव्हे याचा पुरावा मिळतो.

१९४८ मध्ये दिल्लीत भारतीय कलेचे मोठे प्रदर्शन भरले. तेथे सूझा आणि हुसेन यांनी प्राचीन शिल्पे जवळून पाहिली. दगडाला इतकी ऊब असू शकते, हे सूझांना त्या शिल्पांनी दाखवले. मुंबईत मात्र त्यांच्या चित्रांवर अश्लीलतेचा आरोप आला आणि पोलिस दारापर्यंत आले. १९४९ साली सूझांनी देश सोडला आणि लंडनचा रस्ता धरला.

लंडन अजून महायुद्धाच्या जखमा भरीत होते. अन्नधान्यावर नियंत्रण होते, घरे थंड होती आणि एका अनोळखी गोमंतकीय चित्रकाराची वाट कोणी पाहत नव्हते. पहिली पाच-सहा वर्षे हलाखीत गेली. मारियाने काम करून घर चालवले, ही गोष्ट चरित्रकारांनी एका वाक्यात उरकू नये. त्या वर्षांत सूझा लिहीत होते, चित्रे काढीत होते, नाकारले जात होते. भारताचे तेव्हाचे उच्चायुक्त कृष्ण मेनन यांच्याकडून भारतीय विद्यार्थ्यांच्या केंद्रासाठी भित्तिचित्रांचे काम मिळाले, हा एक आधार.

दैव फिरले ते १९५५ मध्ये. कवी स्टीफन स्पेंडर यांच्या संपादकत्वाखाली निघणाऱ्या ‘एन्काउंटर’ मासिकाने सूझांचा ‘निर्वाणा ऑफ अ मॅगट’ हा आत्मकथनपर लेख छापला. त्याच सुमारास व्हिक्टर मसग्रेव्ह यांच्या गॅलरी वनमध्ये त्यांचे प्रदर्शन भरले आणि सारी चित्रे विकली गेली. समीक्षक जॉन बर्जर यांनी दखल घेतली. हॅरोल्ड कोव्हनर या अमेरिकन संग्राहकाने पुढे काही वर्षे नियमित पैसे देऊन चित्रे घेतली, त्यामुळे पोटाची चिंता मिटली. १९५८ साली गुगनहाइम आंतरराष्ट्रीय पारितोषिकासाठी ब्रिटनतर्फे ज्या पाच चित्रकारांची निवड झाली त्यांत सूझा होते. साळगावहून निघालेला, पोर्तुगीज वसाहतीत जन्मलेला हा माणूस ब्रिटनचा प्रतिनिधी ठरला, हा नियतीचा विनोदच!

१९५५ चेच त्यांचे ‘बर्थ’ हे चित्र जगप्रसिद्ध आहे. गरोदर नग्न स्त्री आडवी झालेली, शेजारी पाद्रीसारखा झगा घातलेला पुरुष, खिडकीच्या कट्ट्यावर मांडलेल्या वस्तू आणि खिडकीपलीकडे गावाची घरे. १९४५ च्या त्या निळ्या चित्रातील तिन्ही घटक येथे परत आले आहेत, आणि त्यांच्यात एक चौथा मिसळला आहे. पाद्रीचा झगा! जो झगा सूझांनी अंगावर चढवायचा होता तो त्यांनी चित्रातल्या माणसाला दिला. मृत्यूच्या छायेत बोललेला आईचा नवस आणि जन्माचे चित्र, यांचा संबंध जुळवण्यास येथे फारशी कल्पनाशक्ती लागत नाही.

आता खुद्द वस्तुचित्रांकडे येऊ. पन्नाशीच्या आणि साठीच्या दशकांत सूझांनी ती पुष्कळ रंगवली. त्यांत पुन्हा पुन्हा दिसतो तो वेदीवरचा पेला. त्याच्यासोबत कुप्या, सुरई, धुपाटणे, कधी पाव, कधी मासा, कधी फळे. प्रत्येक वस्तूभोवती जाड काळी रेघ असते. चर्चच्या रंगीत काचांचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात, त्याची आठवण या रेघेने होते. स्पेनमधील मध्ययुगीन चर्चांतील भित्तिचित्रांचा आणि फ्रेंच चित्रकार रुओ याच्या चित्रांचा संस्कारही समीक्षक त्यांत पाहतात. रेघ कोठेही नाजूक नाही. ती कोरल्यासारखी, कधी ओरखडल्यासारखी असते.

परीक्षेतल्या स्थिरचित्रात प्रकाश एका बाजूने येतो, छाया दुसऱ्या बाजूला पडते आणि वस्तू जागेवर बसते. सूझांनी हा नियम मोडला. त्यांच्या टेबलाचा पृष्ठभाग पुढे कलतो, वस्तू एकमेकींमागे लपण्याऐवजी रांगेत समोर येतात, जणू देव्हाऱ्यात मूर्ती मांडल्या आहेत. त्या वस्तू आपल्याकडे तोंड करून उभ्या असतात. साधी बाटली घ्या. तिचे खांदे माणसासारखे ताठ होतात. मासा ताटात पडलेला असतो, परंतु त्याचे काटे आणि दात असे ठसठशीत काढलेले की तो खाण्याचा पदार्थ आहे हे क्षणभर विसरायला होते. आणि पेला? पेल्याला त्यांनी कधी विद्रूप केले नाही, हे नीट पाहणाऱ्याच्या ध्यानात येते. माणसांच्या चेहऱ्यांवर ज्याने डोळे कपाळात नेऊन बसवले, दात उघडे पाडले, मानेत बाण खुपसले, त्याने वेदीवरच्या पेल्याचा घाट मात्र राखला. पाद्री, पुढारी आणि श्रीमंत गृहस्थ यांच्यावर त्यांचा राग होता. त्या राजस वस्तूवर नव्हता.

येथे सूझांच्या विचाराचे मर्म दिसते. चर्चच्या अधिकाराशी त्यांचे आयुष्यभर वैर होते. पाद्रींच्या ढोंगावर त्यांनी जळजळीत लिहिले आणि त्याहून जळजळीत चित्रे काढली. १९५९ चे ‘क्रुसिफिक्शन’, जे आता लंडनच्या टेट संग्रहालयात आहे, त्यातील ख्रिस्त शांत, गोरा, करुणामय नाही. तो काळवंडलेला आणि काट्यांनी भरलेला आहे. भाविकाला ते पाहवत नाही. पण हाच माणूस टेबलावर पेला आणि पाव मांडतो तेव्हा त्याचा हात आदराने जड होतो. श्रद्धा गेली तरी श्रद्धेची भांडी मनातून जात नाहीत. लहानपणी ज्या उजेडात ती पाहिली तो उजेड त्यांना चिकटून राहतो. आपल्यापैकी जे देवपूजा करीत नाहीत, त्यांनाही आजीची पळी भंगारात टाकताना हात थबकतो. त्या थबकलेल्या हाताचे चित्र सूझांनी काढले, असे म्हटले तर ते चुकीचे होणार नाही.

चित्रकाराच्या मोठेपणाने माणसाचे दोष झाकले जाऊ नयेत. सूझा अहंकारी होते. आपल्याविषयी मोठमोठ्या गोष्टी सांगण्याची त्यांना हौस होती. लंडनच्या वर्षांत दारूचे व्यसन जडले. ते त्यांनी पुढे सोडले. मारियाशी झालेला संसार टिकला नाही, नंतरचे संबंधही तुटत गेले, आणि त्याची किंमत बायकांना आणि मुलांना मोजावी लागली. स्त्रियांची त्यांनी काढलेली कित्येक चित्रे पाहताना आजच्या वाचकाला, विशेषतः विद्यार्थिनींना, अस्वस्थ वाटेल आणि ती अस्वस्थता रास्त आहे. ज्याने वेदीवरच्या पेल्याचा मान राखला त्याने घरातल्या माणसांचा तितका राखला असता तर, हा प्रश्न त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

साठीच्या दशकात त्यांनी एक विलक्षण प्रयोग केला. संपूर्ण काळ्या रंगात चित्रे. रंगाचे जाड थर आणि त्यांतील चर एवढ्यावरच आकृती उभी. समोरून पाहिले तर काळा फलक. एका बाजूने उजेड पडला की चित्र उमटते. १९६६ साली लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीत ही चित्रे मांडली गेली. पुष्कळांना ती थट्टा वाटली. गाभाऱ्यात समईच्या उजेडात काळ्या दगडाची मूर्ती पाहण्याची सवय असलेल्या आपल्या वाचकाला ती कदाचित थट्टा वाटणार नाही. मूर्ती दिसण्यासाठी थोडे थांबावे लागते, डोळे सरावावे लागतात, हे आपल्याला ठाऊक आहे.

१९६७ मध्ये सूझा न्यूयॉर्कला गेले. लंडनमध्ये मिळालेले नाव तेथे फारसे कामी आले नाही. अमेरिकेत त्या वेळी कलेचे वारे निराळ्या दिशेने वाहत होते. छापील मासिकांच्या पानांवर रासायनिक द्रव लावून शाई विरघळवायची आणि त्यातून नवी आकृती काढायची, अशी एक पद्धत त्यांनी तेथे चालवली. या सर्व काळात भारतात त्यांचे येणेजाणे होते. त्यांचा सावत्र भाऊ लान्सलॉट रिबेरो हाही चित्रकार झाला आणि लंडनला स्थायिक झाला. एकाच आईच्या पोटी दोन चित्रकार! त्या माउलीने नवस बोलला होता पाद्रीचा. पदरी पडले दोन रंगारी.

२८ मार्च २००२ रोजी मुंबईत सूझांचे निधन झाले. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. ज्या मुंबईने त्यांना शाळेतून काढले, कलाशाळेतून काढले आणि पोलिस दारी पाठवले, त्याच मुंबईच्या मातीत ते विसावले. मृत्यूनंतर किमती चढत गेल्या. ‘बर्थ’ हे चित्र २०१५ च्या लिलावात चाळीस लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. पण जुना आरोपही पुरता मेलेला नव्हता. सूझा आणि अकबर पदमसी यांची परदेशातून आणलेली काही रेखाचित्रे अश्लील ठरवून मुंबईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी जप्त केली, आणि ती सोडण्यासाठी २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. सूझांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली ती याच वर्षी.

मग आईचा तो नवस फिटला की राहिला? धर्मशास्त्राप्रमाणे राहिला, यात शंका नाही. मुलाने दीक्षा घेतली नाही, व्रत पाळले नाही. पण जो पेला त्याने एकदाही वेदीवर उचलला नाही, तो पेला लंडनच्या थंड खोलीत त्याच्या कुंचल्याखाली पुन्हा पुन्हा आला. नवस बोलणाऱ्याला देव ज्या नाण्यात हवे त्याच नाण्यात फेड घेतो, असे आपल्याकडे मानतात. सूझांनी निराळे नाणे दिले. ते खरे की खोटे, हा निवाडा ज्याने त्याने करावा.

आपल्या विद्यार्थ्यांनी सूझांची वस्तुचित्रे जरूर पाहावीत. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांची चित्रे आहेत. तेथे जाणे जमले नाही तरी पुस्तकांतील छापे मिळतात. पण त्यांची जाड रेघ गिरवून सूझा होता येणार नाही. त्यापेक्षा आपल्याच घरातली एक वस्तू समोर घ्यावी. डिचोलीच्या कुंभाराचे मडके, तेलाने काळवंडलेली समई, नाहीतर आजोबांचा पानाचा डबा. ती कोणी विकत आणली, कोणी घासली, कोणत्या मरणाच्या दिवशी ती कोठे होती, हे घरात विचारावे. ऐकून झाल्यावर पेन्सिल हातात घ्यावी.